दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधली जागा

माझ्या सासऱ्यांच्या खळ्यातल्या गोदामात एक मोटार बावीस वर्षे उभी होती, आणि तितकीच वर्षे एका माणसावर एक ठपका होता. लग्न झाल्यापासून मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. दोन्हींचा मेळ बसतो की नाही हे मात्र मी कधी तपासले नव्हते. माझा धंदाच तपासण्याचा असल्यामुळे ही कबुली आधी देतो.

मी जमीन मोजणीच्या कचेरीत होतो. आमची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. साखळीचे पुढचे टोक धरणारा माणूस प्रत्येक साखळीला जमिनीत एक लोखंडी सळई रोवत जातो, मागचा ती उपटत येतो, आणि शेवटी सळया मोजून अंतर ठरते. पुढचा माणूस एकदा जरी चुकला तरी एखाद्याच्या शेताची एक पट्टी शेजाऱ्याच्या नावावर जाते. सात वर्षे माझ्या साखळीचे पुढचे टोक ज्याने धरले त्याची सळई एकदाही कमी किंवा जास्त भरली नाही. रोजंदारीवरचा हा माणूस तेव्हा साठीला आला होता. एकेकाळी तो माझ्या सासऱ्यांचा मोटार ड्रायव्हर होता आणि पंचक्रोशीत त्याला इंजिन जाळणारा म्हणून ओळखत.

हकीकत अशी सांगत. महायुद्ध सुरू झाले, पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा सासऱ्यांनी मोटार गोदामात लावून ठेवायला सांगितली. ड्रायव्हरने ती नंदुरबारहून आणून लावली. पेट्रोल मिळू लागले की बोलावतो, असे सांगून त्याला घरी पाठवले. दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी हँडल मारून पाहिले तर ते हलेना. पाण्याशिवाय मोटार पळवली, इंजिन जाळले आणि काही न सांगता लावून गेला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ते गावचे पाटील. त्यांनी काढलेला निष्कर्ष तीन-चार गावांत दाखल्यासारखा चाले. युद्ध संपल्यावर त्याला बोलावणे गेले नाही आणि दुसऱ्या कुणीही त्याच्या हाती मोटार दिली नाही.

पावसाळ्यात उभ्या पिकांमुळे मोजणी बंद असते. त्या वर्षी भाद्रपदात तो माझ्या नंदुरबारच्या घरी आला. यापूर्वी कधी आला नव्हता. खुर्ची दिली तरी बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. त्याच्या मुलाने मोटार चालवण्याचा परवाना काढला होता आणि दोन वर्षे खापर गावच्या एका मालाच्या गाडीवर काम केले होते. सासऱ्यांच्या गावापासून तीन मैलांवरचा एक शेतकरी नवा ट्रक आणत होता आणि दसऱ्याला तो रस्त्यावर काढणार होता. मुलगा त्याला पसंत होता. पण त्याने रिवाजाप्रमाणे पाटलांचे मत विचारले, आणि पाटील म्हणाले, ज्याच्या बापाने आमचे इंजिन जाळले त्याच्या हाती नवा ट्रक द्यायचा की नाही हे तुमचे तुम्ही पाहा. ट्रकवाल्याने दसऱ्यापर्यंत थांबतो म्हटले होते. ते थांबणे म्हणजे नकारच होता.

हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. शेवटी तो म्हणाला, "साहेब, ते इंजिन आजलोंग कोनी उघाडं नही. एकदाव उघाडी देखा. जळेल निंघनं ते मी परत बोलाव नही."

मी त्याला मोजणीच्या पद्धतीने प्रश्न विचारले. गाडी आत आली तेव्हा कोण हजर होते? एकटे पाटील. ती कशी आली? स्वतः चालत आली, बैल जुंपून ओढत नाही. जाताना काय सांगितले? महिन्याला इंजिनावरचे प्लग काढून त्या चार भोकांत चमचा-चमचा इंजिन ऑइल सोडा आणि हँडलचे दोन फेरे द्या. तसे झाले का? ते त्याला ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून त्याने खळ्याच्या फाटकाच्या आत पाऊल टाकले नव्हते.

मी उघडून पाहतो म्हणालो. म्हणताना वाटले तितके ते सोपे नव्हते. जावयाने सासुरवाडीत काय करावे याचे काही नियम असतात, आणि सासऱ्यांच्या शब्दाचा पंचनामा करणे त्यांत बसत नाही. त्या काळात एक भंगारवाला सासऱ्यांकडे खेपा घालत होता. मी त्याचा आधार घेतला. मोटार कोणती, किती जुनी, हे कळल्याशिवाय विकू नये, मला तिची ओळख पटवू द्या, असे मी सासऱ्यांना म्हणालो. यात खोटे काही नव्हते. पण अर्धे लपवले होते, आणि मी लपवलेले अर्धे किती जड असते ते मला पुढचे काही दिवस कळत होते.

"भंगारले कसानी वळख, पाव्हना?" सासरे म्हणाले. पण गोदामाची किल्ली दिली.

एका बाजूला सरकीची पोती, दुसऱ्या बाजूला कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग, मधे गोणपाटाखाली ती. टपाचे कापड उंदरांनी खाल्ले होते, गाद्यांत त्यांची बिळे होती, टायर लाकडासारखे कडक झाले होते. कागदपत्रे वाळवीने संपवली होती आणि रेडिएटरवरचा बिल्ला कधीच गळून पडला होता. घरात तिला नुसते "विलायती" म्हणत. बाकी माहिती शून्य. बॉनेटवर मात्र हळदीकुंकवाचे जाड थर होते, कारण दर दसऱ्याला नांगर, वखर, बैलगाडी यांच्याबरोबर तिचीही पूजा होई. सासरे गाडीच्या आखाला तेल सोडत, मग त्याच पळीने मोटारीलाही सोडत आणि झेंडूची माळ घालत. मी असे अकरा दसरे पाहिले होते. कुंकवाचा मान म्हणून हात जोडले होते. पळीत काय आहे हे विचारले नव्हते.

बॉनेटच्या आत, पुढच्या पत्र्यावर एक पितळी पट्टी सापडली. चिंचेच्या पाण्याने ती घासली, नकाशाचा पातळ कागद तिच्यावर धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. अक्षरे उमटली. उच्चारता न येणारे एक नाव, इंग्लंड, बारा हॉर्सपॉवर, आणि एक लांब नंबर. टेपने मी पुढच्या आखापासून मागच्या आखापर्यंत अंतर घेतले, चाकाच्या तारा मोजल्या, चारही चाकांचे ब्रेक तपासले, इंजिनाचे रेखाचित्र काढले. हा सगळा कागद घेऊन मी नंदुरबारला स्टेशनाजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने तरुणपणी सुरतेला गोऱ्या साहेबांच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या.

त्याने कागद उजेडात धरला आणि ओळखीचा माणूस भेटावा तसा हसला. कंपनीचे नाव सांगितले. ते पट्टीवरही होते, पण आमच्याकडे ते कुणाला नीट उच्चारता येत नसे, म्हणून पुढे सगळे तिला बारा घोड्यांचीच म्हणू लागले. पुढच्या चाकांना ब्रेक असल्यावरून त्याने तिचे वय सांगितले. मग माझ्या रेखाचित्रावर बोट ठेवून विचारले, पाण्याचा पंप काढायला विसरलात का? मी म्हणालो, पंप नाहीच, मी दोनदा पाहिले. तो म्हणाला, बरोबर. या इंजिनात पाणी आपोआप फिरते. तापलेले वर जाते, गार झालेले खाली येते. पाणी संपले की ते सर्वांत आधी मधोमध तापते.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे," तो म्हणाला. "तिथं तडा नसेल, तर हे इंजिन कधी कोरडं चाललंच नाय. ते लपत नसतं, साहेब."

मोटार ओळखली गेली आणि त्याबरोबर पाहायची जागाही ठरली. मी त्याला सासऱ्यांच्या गावी येण्याची विनंती केली. घटस्थापनेचा दिवस ठरला. दसऱ्याला नऊ दिवस उरत होते.

मोटार आदल्या दिवशी ढकलून गोदामाबाहेर आणली होती. त्या सकाळी खळ्यात मी, मिस्त्री आणि सासरे एवढेच होतो. सासरे खाटेवर बसले होते. फाटकाच्या बाहेर, निंबाच्या सावलीत, ड्रायव्हर उभा होता. त्याला कुणी बोलावले नव्हते आणि हाकललेही नाही. सासऱ्यांनी एकदा तिकडे पाहिले, मग माझ्याकडे. मोटारीच्या ओळखीपुरते हे काम नाही, हे त्या क्षणी त्यांना कळले असावे. त्यांनी जाब विचारला असता तर मला बरे वाटले असते.

मिस्त्रीने वरच्या झाकणाच्या नटांवर आदल्या दिवशीच रॉकेल सोडायला लावले होते. तरी एक तुटला. झाकण निघायला दीड तास लागला. दोन पिस्टन वर अडकले होते, दोन खाली. सगळीकडे काळपट तपकिरी थर, काचेसारखा. मिस्त्रीने त्या थराकडे लक्ष दिले नाही. त्याने गोणपाटाच्या चिंधीने मधली जागा पुसली, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली, रुंदीला माझ्या करंगळीएवढी. तिच्यावर रॉकेल चोळले, पुन्हा कोरडे पुसले आणि माझ्याकडून खडू मागून घेतला. खडूची भुकटी त्याने त्या जागेवर पसरली. तडा असला तर त्यात शिरलेले रॉकेल वर येते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते. पंधरा मिनिटे थांबायचे, असे तो म्हणाला. मी घड्याळ काढून हातात धरले.

नवव्या मिनिटाला रेघ उठली.

बारीक, थोडी वाकडी, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. मिस्त्रीने जीभ टाळूला लावून आवाज केला. सासरे खाटेवरून उठले, वाकले, त्यांनी ती पाहिली आणि सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता हे मला लिहिलेच पाहिजे. आपण बरोबर होतो एवढेच होते. मी फाटकाकडे पाहिले नाही. सात वर्षांत न चुकलेल्या सळया मला आठवत होत्या, आणि ती रेघही माझ्या डोळ्यांसमोर होती. मोजणीदाराने रेघ मानायची असते, माणूस नव्हे. तरी मी मिस्त्रीला म्हणालो, ठरवलेली पंधरा मिनिटे पूर्ण होऊ द्या.

पंधरा मिनिटांनी रेघ तेवढीच होती. मिस्त्री म्हणाला, तडा असता तर ती ओलसर राहून वाढली असती. त्याने ब्लेडचे टोक तिच्यावर धरून हलकेच खरवडले. एक केस निघाला. पुसायच्या गोणपाटाचा, रॉकेलात भिजलेला सुतळीचा केस. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. जागा पुन्हा पुसली, पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. या वेळी पंधरा मिनिटे मी सेकंदाच्या काट्यावरून नजर काढली नाही. जागा शेवटपर्यंत पांढरीच राहिली.

खाली अडकलेल्या दोन पिस्टनांमुळे त्या सिलिंडरांच्या भिंती उघड्या दिसत होत्या. मिस्त्रीने थर खरवडून आत बोट फिरवले. एकही ओरखडा नाही. मग चाकूच्या टोकावर निघालेला तो काळा थर त्याने नाकाशी नेला आणि चाकू माझ्यापुढे धरला.

"हे इंजिन ऑइल नाय, साहेब. वास घ्या."

मला वास घ्यावा लागला नाही. आमच्या भागात ज्याच्या घरी बैलगाडी आहे त्याला तो वास झोपेतही कळतो. एरंडेल. खालचा बोल्ट उघडला तेव्हा तळातून आधी काकवीसारखे काहीतरी सुटले, आणि नंतर काहीच सुटेना. तळाशी गुळाच्या पाकासारखा गोळा बसला होता.

सासरे घरात गेले. मला वाटले, ते रागाने गेले. ते देवघरातली पितळी पळी घेऊन परत आले आणि ती मोटारीच्या मडगार्डवर ठेवली.

"ह्याच पळीनी," ते म्हणाले. "दर दसराले."

युद्धात इंजिन ऑइल मिळत नव्हते. गाडीच्या आखाला एरंडेल चालते, वर्षभर आख गात नाही, मग मोटारीला का चालू नये, असा त्यांचा साधा हिशेब होता. महिन्याचे वर्षावर गेले, कारण पूजा वर्षाला असते. पहिल्या दसऱ्याला त्यांनी चार भोकांत भरभरून सोडले. हँडल फिरवायचे राहिले. पुढच्या दसऱ्याला ते हलले नाही आणि दोष दुसऱ्यावर गेला. त्यानंतरही ते सोडत राहिले, की एखाद्या वर्षी सुटेल. बावीस दसरे, चार भोके, अठ्ठ्याऐंशी पळ्या. हा गुणाकार मी तिथेच मनात केला आणि तोंडातून काढला नाही. माझ्या वाट्याला आलेले अकरा दसरे त्यात होतेच.

पळी ठेवून सासरे फाटकाकडे पाहत राहिले. फाटकापलीकडचा माणूस त्यांच्याकडे पाहत होता. मधे वीस पावले असतील. एक वाक्य पुरले असते. सासरे वळले आणि घरात गेले. थोड्या वेळाने निंबाखालची सावली रिकामी दिसली.

माझी पत्नी नवरात्रासाठी माहेरीच होती. तिने मला माजघरात गाठले. मी आलो कशासाठी, एवढाच तिचा प्रश्न होता: "तुम्ही मोजणीले उनात का पंचनामाले?" पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरते बोलली. सासऱ्यांचे नवरात्राचे उपास होते, त्यामुळे ते रागाने जेवत नाहीत की उपास करताहेत हे कुणालाच ठरवता येईना.

तिसऱ्या दिवशी ते खळ्यात आले. मिस्त्री पिस्टनांवर रॉकेल ओतून बसला होता. सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, मोटार चालू होईल का? मी म्हणालो, ट्रकवाल्याला नुसते सांगितले तरी चालेल, मोटार चालू व्हायची गरज नाही. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचे म्हणणे असे: मेलेल्या इंजिनाजवळ उभे राहून मी बोललो तर लोक म्हणतील पाटलाला म्हातारचळ लागला, जावयाने वदवले. बावीस वर्षे मी सांगितले की ते जळाले आहे. आता मोटार स्वतः चालत गेली तरच माझे दुसरे बोलणे कुणी मानेल.

"चालू करा. मंग मी बोलसू," ते म्हणाले.

आता सगळे त्या चिकटलेल्या एरंडेलावर येऊन थांबले. त्यांचा शब्द, बापाचे नाव, मुलाची जागा. दिवस उरले सहा, आणि त्यांतले तीन रॉकेलनेच खाल्ले. रॉकेल त्या थरावरून पाण्यासारखे ओघळून जाई. मिस्त्री चिडून बसला आणि मग त्यानेच कपाळावर हात मारला. एरंडेलाला रॉकेल नाही, स्पिरिट लागते. दारूबंदीच्या दिवसांत स्पिरिटही परवान्यावर मिळे. मिस्त्री म्हणाला, डोंगरातली पहिल्या धारेची मोहाची आणा, ती लवकर सोडवेल, फक्त नंतर इंजिन आणि मी दोघंही सरळ चालणार नाही. मी हसलो नाही. मी नंदुरबारला गेलो आणि लाकडाला लाखेचे पॉलिश करणाऱ्या परवानाधारक सुताराकडून, त्याच्या रजिस्टरात माझे नाव आणि कारण लिहून, दोन बाटल्या घेतल्या. कारणाच्या रकान्यात "एरंडेल काढणे" असे आहे. ते अजून तिथे असेल.

स्पिरिट ओतल्यावर दोन तासांत थर पांढुरका आणि मऊ झाला. सातव्या माळेच्या संध्याकाळी मिस्त्रीने बाभळीचा ठोकळा पिस्टनावर ठेवून हातोडीने हलका ठोका दिला. मी सिलिंडरच्या भिंतीवर खडूची खूण केली होती. चाळीस-एक ठोक्यांनंतर ती खूण पिस्टनाच्या काठापासून नखाएवढी लांब दिसली. मी म्हणालो, हलला. मिस्त्री म्हणाला, तुम्हाला वाटतंय. मी टेप लावला. हलला होता.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. तळातला गोळा स्पिरिटने धुऊन काढला, नवे इंजिन ऑइल भरले, तांब्याचा पत्रा कापून मधले पॅकिंग तयार केले. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो तव्यावर ठेवून, जळणार नाही इतक्या आचेवर, वाळवला. त्या मापाचे टायर कुठे मिळेनात, म्हणून जुन्याच टायरांत चिंध्या ठासून भरल्या. रेडिएटरला दोन जागी गळती होती. एक बुजली, दुसरी बुजली नाही. मिस्त्री म्हणाला, तीन मैल जाईल, पण पाणी पाजत न्यावे लागेल.

दसऱ्याच्या सकाळी सासऱ्यांनी अंघोळ केली, नांगराची पूजा केली, गाडीची केली. पळीला हात लावला नाही. मोटारीला माळ घातली आणि फाटकाकडे चालत गेले. तो निंबाखाली होता. मी निरोप पाठवला होता, पण येईल अशी खात्री नव्हती. सासरे फाटक उघडून त्याच्यापुढे उभे राहिले. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. ते बाजूला झाले, वाट मोकळी केली, आणि तो आत आला.

त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली. रेडिएटरचे टोपण उघडून आत पाहिले. मग हँडल घेतले. अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूने ठेवला, कारण इंजिन उलटे झटकले तर वेगळा अंगठा मोडतो. हे त्याचे हात विसरले नव्हते. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. मी मोजत होतो. अकरापर्यंत काही नाही. बाराव्याला एक खोकला. मिस्त्रीने काहीतरी फिरवले. सोळा, सतरा. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. साठीचा माणूस, मी त्याला थांब म्हणणार होतो. एकोणिसाव्याला ती धडधडली, थांबल्यासारखी झाली, आणि मग चारही सिलिंडर एकामागून एक लागले. खळे निळ्या धुराने भरले. त्या धुराला एरंडेलाचाच वास होता.

तो स्टिअरिंगवर बसला, सासरे त्याच्या शेजारी, गुडघ्यांत पाण्याची कळशी धरून. मी मागे दुसरी कळशी घेऊन. माणूस जोरात चालेल एवढाच वेग. ट्रकवाला दुपारी नारळ फोडणार होता आणि आम्हाला निघायलाच साडेदहा झाले होते. काळ्या मातीच्या रस्त्यावर चिंध्यांचे टायर थपथप आपटत होते. अर्ध्या मैलावर वाफ निघू लागली. तो थांबला, इंजिन बंद केले नाही, फडके धरून टोपण सैल केले, वाफ जाऊ दिली, आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी कळशी दिली. असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी दोन्ही कळश्या रिकाम्या होत्या. मी उतरणार तोच सासरे उतरले आणि बांधाच्या विहिरीकडे निघाले. सत्तरी ओलांडलेला माणूस, धोतर सावरत. मी मागे जाऊ लागलो तर ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ द्या." मी बसून राहिलो. अकरा मिनिटांनी ते भरलेली कळशी खांद्यावर घेऊन आले. रस्ताभर त्या दोघांत एक शब्द झाला नव्हता.

ट्रकवाल्याच्या अंगणात पन्नासेक माणसे होती. झेंडूच्या माळांत ट्रक, मालकाच्या हातात नारळ. ट्रक चालवायला पाहिलेला एक अनोळखी तरुण दाराजवळ उभा होता, त्याच्या कपाळावर अजून कुंकू लागलेले नव्हते. ड्रायव्हरचा मुलगा दूर, कडेला. आम्ही आत शिरलो तेव्हा माणसे बाजूला सरली. वाफेत, धुरात, जुन्या कुंकवाच्या डागांसह ती विलायती बारा घोड्यांची अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि चालूच राहिली. तिची धडधड सगळ्यांना ऐकू जावी म्हणून त्याने ती बंद केली नसावी.

सासरे उतरले. ट्रकवाल्याजवळ गेले नाहीत. मोटारीजवळच उभे राहिले, जिथे सगळ्यांना दिसतील.

"इंजिन ह्यानी जाळेल नही," ते म्हणाले. "मी एरंडेल टाकीसन बिघाडं. बावीस वरीस मी खोटं बोलनू."

ट्रकवाल्याने नारळ या हातातून त्या हातात घेतला. त्याने मोटारीकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले, आणि मग कडेला उभ्या असलेल्या मुलाला मानेने पुढे ये म्हणून खुणावले. मुलगा आला. दाराजवळचा तरुण दोन पावले मागे सरला. तोही कुणाचा तरी मुलगा होता. हे मला तेव्हाच जाणवले होते, म्हणून लिहितो.

सासऱ्यांना हात कुठे ठेवावेत कळेना. बोलून झाले होते, ड्रायव्हरने इंजिन बंद केले होते आणि माणसे अजून पाहत होती. काहीतरी करायचे म्हणून त्यांनी कळशी उचलली, वाकले आणि वाफाळत्या रेडिएटरच्या टोपणाकडे उघडा हात नेला.

ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून उतरून त्यांचे मनगट धरले.

"थांबा पाटील," तो म्हणाला. "जराशी थंडी व्हऊ द्या. हात जळी जाई."

आणि ती थंड होईपर्यंत दोघेही तिथेच उभे राहिले. मनगट त्याने बराच वेळ सोडले नव्हते.